सतरा नंबरची मान

"सर, हे फॉर्म निनावी आहेत ना?" मनकर्णा मॅडमनी माझी फाइल उघडून विचारलं. "मग प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात हा आकडा कसला?"

"बिल्ल्याचा," मी म्हणालो.

हॉल हसला. आम्ही सव्वीस शास्त्रज्ञ होतो. कुणी कापसातला, कुणी मातीतला, कुणी माशांतला. मी मेंढ्यांतला. आमच्याकडे प्रत्येक मेंढीच्या कानात नंबरचा बिल्ला असतो आणि त्या नंबराशिवाय तिचं वजन, तिचं रक्त, तिचं मरण, काहीच कागदावर चढत नाही. मी संशोधन सहायकांना प्रशिक्षण देतो तेव्हा त्यांनाही नंबर देतो. हजेरीवर तोच, परीक्षेवर तोच, शेवटी अभिप्रायाच्या फॉर्मवरही तोच. अठ्ठावीस वर्षांत बिननंबराचा कागद माझ्या हातून गेला नव्हता आणि त्यात काही चूक आहे असं मला त्या मिनिटापर्यंत वाटलं नव्हतं. मनकर्णा मॅडम पस्तिशीच्या, नाव आजीचं, गाव वैजापूरकडचं. आम्ही दिलेल्या प्रशिक्षणाचं पुढे काय होतं, ते कसं बघायचं आणि कसं मोजायचं, हे आम्हालाच शिकवायला त्या आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "बत्तीस फॉर्म," त्या म्हणाल्या. "बत्तीस जणांनी प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी पाच दिलेत. कागद कुणाचा ते सरांना कळणार हे ज्याला माहीत आहे, तो दुसरं काय देईल? हा अभिप्राय नाही सर. ही हजेरी आहे." हॉल पुन्हा हसला. आणि माझा उजवा अंगठा ठणकायला लागला.

पुढच्या सोमवारी आमच्या संस्थेच्या प्रशिक्षण विभागाचा प्रमुख ठरणार होता. माझंच नाव घेतलं जात होतं. त्या निवडीच्या कागदांना या कार्यशाळेचा अहवाल जोडायचा होता आणि तो मनकर्णा मॅडम लिहिणार होत्या. म्हणून मी हॉलबरोबर हसलो. अंगठा टेबलाखाली मांडीवर दाबून धरला. तो तिथेही ठणकत राहिला, जसं काही त्याच्याखाली दुसऱ्या कुणाचं रक्त वाहत होतं.

प्रश्न ४. प्रशिक्षकाने विषय उदाहरणासह समजावून दिला का?

दिला. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, हर्सूलच्या पलीकडे आमच्या फार्मवर. शेडच्या गच्चीवरून तुरुंगाची भिंत दिसते. बत्तीस जणांना मेंढीच्या मानेतून रक्त काढायला शिकवायचं होतं. काम सोपं आहे आणि सोपं नाही. मेंढी कोपऱ्यात घ्यायची, गुडघा तिच्या बरगडीला लावायचा, तोंड वर आणि बाजूला वळवायचं, लोकर कातरलेली जागा बोटाने चाचपायची आणि मानेच्या खालच्या अंगाला अंगठा दाबायचा. रक्त अडतं. शीर दोरीसारखी वर येते. मग सुई. पहिल्या तासात चार मेंढ्यांच्या माना सुजल्या. सुई शिरेच्या आरपार गेली की कातडीखाली रक्त साचतं, लिंबाएवढी गाठ येते, जनावर दात खातं. एकाने सुई मानेत मोडली. आणि एकाने सुई घालून फिरवली, फिरवत राहिला, सापडेपर्यंत, जसं काही मातीत हरवलेलं नाणं शोधतोय. ती दोनशे चार नंबरची मेंढी. पाय झाडत खाली आली, नाकातून फेस, फेसात लाल, आणि डोळे उघडे ठेवून मेली. तिच्या पोटात दोन कोकरं होती. आम्ही ती नंतर काढली. ओली, मिटलेली. त्याच दिवशी शवविच्छेदनाचा तासही उरकून घेतला. नुकसानातून शिक्षण.

ज्याच्या हातून ती मेली त्याचं नाव सांडू. नंबर सतरा. मी त्याला पुढे बोलावलं. तो आला, हात रक्ताने माखलेले, ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मी त्याची मान धरली. उदाहरणासह. "इथं," मी म्हणालो, "इथं असती शीर." मी तीस वर्षं शहरात काढली, प्रबंध इंग्रजीत लिहिला, बायकोशी आणि साहेबांशी छापील बोलतो, पण राग आला की तोंडात बापाची भाषा येते. "जनावराला दुखलं तर ते बोलत नाय. म्हनून आपल्याला कळाया पायजे. कळतंय का?" अंगठा दाबला. आणि मोजलं. मोठ्याने. एक. दोन. माणसाच्या मानेत शीर आणि धमनी शेजारी शेजारी असतात, तिथे दाबलं की मेंदूचं रक्त अडतं, हे मला माहीत होतं. मी शास्त्रज्ञ आहे. सहाला त्याचे ओठ निळसर झाले. नऊला गुडघे हलले. अकराला तो घडी घालावी तसा खाली बसला, डोळे पांढरे, पँट ओली. कुणी पाणी मारलं. तो उठला आणि आधी तो स्वतःच हसला. तो हसल्यावर मग बाकीचे एकतीस हसले.

जेवणानंतर सांडूने बारा मेंढ्यांचं रक्त काढलं. एकही गाठ नाही.

प्रशिक्षणापूर्वीची चाचणी: एकतीस गुण. नंतरची: चौऱ्याण्णव.

हे मी हॉलमध्ये सांगितलं नाही. हॉलमध्ये मॅडम फळ्यावर चार पायऱ्या काढत होत्या. पहिली, लोकांना आवडलं का. दुसरी, समजलं का. तिसरी, कामावर गेल्यावर त्यांच्या वागण्यात उतरलं का. चौथी, त्याने शेवटी काय झालं. "आपण सगळे पहिल्या पायरीवर समोसा खाऊन घरी जातो," त्या म्हणाल्या. माशांवाल्या नानासाहेबांनी हातातला समोसा हळूच बशीत ठेवला. मी बघत होतो तिसऱ्या पायरीकडे. खडूची रेघ तिथे जरा जाड आली होती. वागण्यात उतरलं का. माझ्या बापाने हा प्रश्न कधी विचारला नसता. त्याला उत्तर दिसायचं.

माझा बाप त्रिंबक मेंढरं वळायचा. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाडग्यात कोंडायची तेव्हा जाळीला एक तोंड ठेवायचे, एका वेळी एक मेंढी आत जाईल एवढं. बाप त्या तोंडापाशी उकिडवा बसायचा. मी सहा वर्षांचा, त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. त्याचा पंजा माझ्या मानेवर. मेंढी आत गेली की मी आकडा म्हणायचा. चुकला की अंगठा आत. आणि पुढची अकरा मेंढरं आत जाईपर्यंत तो अंगठा निघायचा नाही. मेंढरं हळू चालली तर हळू. एखादी तोंडाशी अडून मागे वळली तर ती पुन्हा येईपर्यंत. धुळीत लोकरीचा, लेंड्यांचा, बापाच्या तंबाखूचा वास, आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके, आणि ठिपक्यांतून जाणारी मेंढरं, आणि मी मोजतोय. आतल्या आत मोजतोय. कारण सुटल्याबरोबर तो विचारायचा, "आता किती?" आणि ते चुकलं तर पुन्हा. एकदा लांडग्याने कोकरू नेलं. त्याची अर्धी मान सकाळी बांधावर सापडली. आदल्या संध्याकाळी मी एक आकडा जास्त म्हटला होता म्हणून ते कमी असल्याचं कळलं नव्हतं. बापाने ती अर्धी मान माझ्या हातात दिली आणि दिवसभर धरायला लावली. माश्या बसायच्या. मी धरली. पुढे गणितात मी जिल्ह्यात पहिला आलो. कुणी विचारतं, सर, तुमचं संख्याशास्त्र एवढं पक्कं कसं. मी म्हणतो, लहानपणापासून आवड.

अकराच का, हे मी बापाला विचारलं नाही. आईने सांगितलं, बानाबाईने, माझ्या मानेला तेल चोळताना. रझाकारांच्या वेळी माझा आजा कडूबा पोरगं घेऊन करवंदीच्या जाळीत लपला होता. ते पोरगं म्हणजे माझा बाप, सहा वर्षांचा, तापाने फणफणलेला, रडायच्या बेतात. वाटेने माणसं चालली होती. कडूबाने पोराचा गळा धरला, आवाज फुटू नये म्हणून, आणि जाणारी माणसं मोजली. अकरा. अकरावा दिसेनासा झाला तेव्हा हात सोडला. पोरगं थंड पडलं होतं. मग हललं. पुढे फौजा आल्या, निजाम गेला, वाटा मोकळ्या झाल्या. गळा धरायची गरज संपली. हात राहिला. आई म्हणायची, "तुझ्या आज्यानं ह्यांचा गळा धरला म्हनून ह्ये वाचले. आन् ह्यांनी तुझा धरला म्हनून तू सायब झाला." आणि तेल चोळायची. तिची बोटं मऊ होती, पण तीही बरोबर त्याच जागेवरून फिरायची.

"सर?" मॅडम माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक फॉर्म होता. "या सतरा नंबरच्या फॉर्मवर शेऱ्याच्या चौकटीत अक्षर नाही. हा तपकिरी डाग आहे. कसला?"

"रक्त," मी म्हणालो. "मेंढीचं. अंगठा उमटलाय."

त्या फॉर्म उजेडाकडे धरून बघत राहिल्या. मी दोन वर्षांपूर्वी तो बघितला तेव्हा म्हणालो होतो, निदान हात तरी धुवायचे. "मग यालाच गाठा," त्या म्हणाल्या. "गृहपाठ आहे. प्रत्येकाने आपला एक जुना प्रशिक्षणार्थी त्याच्या कामाच्या जागी जाऊन बघायचा. बारा मुद्द्यांची यादी देते. फक्त खुणा करायच्या. बोलायचं नाही, शिकवायचं नाही, मध्ये पडायचं नाही."

सांडू करमाडला होता. शेंद्र्याच्या पुढे एका खासगी शेडवर लशीच्या चाचण्यांसाठी तो मेंढ्यांचं रक्त काढायचा. दुपारी मी जालना रोडने गाडी काढली. ऊन काचेवर ओतल्यासारखं होतं. कंपन्यांच्या बस, सिमेंटचे टँकर, दुभाजकावर मेलेलं कुत्रं, त्याच्या पोटावरून गेलेल्या चाकांच्या रेघा. शेजारच्या सीटवर ती यादी. १. जनावर शांतपणे कोपऱ्यात घेतो. २. गुडघ्याचा आधार योग्य जागी देतो. मला बरं वाटत होतं. सांडूचं काम चांगलं असणार हे मला माहीत होतं. बारापैकी बारा आणि खाली मॅडमची सही. फॉर्म हजेरी असतील, पण हात खोटं बोलत नाहीत.

"सर! या की!" सांडू शेडमधून धावत आला, पाया पडला. अंगाने भरला होता. "लई दिवसांनी. तपासनीला आलात व्हय?"

"तुझी नाही. माझी."

"तुमची कोन तपासनार!" तो हसला. "चहा सांगू? नाय? बरं मंग बघा. ही माझी पोरं. नवीन हायेत."

चौघं होती, बी.एस्सी. होऊन आलेली. तीन मुलगे आणि एक मुलगी. पांढऱ्या कोटांच्या खिशावर मार्करने आकडे. एक, दोन, तीन, चार. मुलीचा तीन. तिचं नाव लक्ष्मी हे मला नंतर तिच्या शेजाऱ्याने हाक मारली तेव्हा कळलं. सांडू तिला नंबर तीनच म्हणायचा.

त्याने मेंढी घेतली. मी पाहत राहिलो. कोपरा, गुडघा, तोंड वळवणं, अंगठा. शीर वर आली, सुई गेली, नळीत काळसर लाल रक्त आवाज न करता चढलं. मेंढीने पापणीही हलवली नाही. इतकं सुंदर काम मी स्वतःचंही पाहिलं नव्हतं. खूण. खूण. खूण. अकरा खुणा झाल्या. बारावा मुद्दा होता: शिकलेलं इतरांना शिकवतो.

"नंबर तीन, पुढं ये," सांडू म्हणाला.

लक्ष्मीने मेंढी धरली. सुई गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. मेंढी ओरडली. कातडीखाली गाठ उठायला लागली, बघता बघता सुपारीएवढी, लिंबाएवढी. सांडूने सिरिंज तिच्या हातातून काढून तसराळ्यात टाकली. मग तिची मान धरली. आरामात. जसं कुणी दाराची कडी धरतं. "इथं," तो म्हणाला. "इथं असती शीर. जनावराला दुखलं तर ते बोलत नाय. म्हनून आपल्याला कळाया पायजे. एक. दोन."

माझे शब्द. माझाच सूर. त्यातला 'कळाया' माझ्या बापाचा, तो करमाडकडे कुणी म्हणत नाही.

"सांडू, सोड तिला."

"तीन. सर, तुमचीच पद्धत हाय. चार. मी ह्या चौघांला अशानंच तयार केलं. पाच. नंबर एकला विचारा, आता एक बी गाठ येत नाय त्याच्याकडून." नंबर एक मान हलवत होता. खरं होतं ते. लक्ष्मीची बोटं सांडूच्या मनगटावर नखं रोवत होती, मग नुसती टेकलेली राहिली. तिचे ओठ. तो निळा रंग मी ओळखतो. "सहा."

मध्ये पडायचं नाही, असं यादीच्या वरच छापलेलं होतं.

यादी खाली पडली. मला आठवतंय ते एवढंच, की माझा हात गेला. मी त्याला पाठवला नाही. त्याला जागा माहीत होती, त्याला वाट विचारावी लागली नाही. सांडूच्या भरलेल्या मानेवर तो बसला आणि अंगठा आत गेला, आणि आत ती होती, धडधडत, कोकराच्या छातीसारखी. सांडूने मुलीला सोडलं. ती भिंतीला घासत खाली बसली, खोकत, लाळ गळत. तो माझ्याहून जवान, मला एका झटक्यात पाडू शकला असता. त्याने हनुवटी थोडी वर केली. जागा नीट मिळावी म्हणून. मी तेव्हा सोडायला हवं होतं. मुलगी सुटली होती. काम झालं होतं. पण कुणीतरी मोजत होतं, "सात," आणि शेडच्या पत्र्याखाली तो आवाज मोठा वाटत होता, "आठ," आणि मेंढ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढत होत्या, "नऊ," आणि मला बरं वाटत होतं. हे मी लिहितो आहे ते नीट वाचा. बरं वाटत होतं. अंगठ्याचा ठणका थांबला होता. "दहा." डोळ्यांपुढे जाळीचं तोंड, धूळ, एक मेंढी आत, अजून एक. "अकरा."

तो लेंड्यांवर पडला. डोक्याचा आवाज झाला. कानामागून रक्ताची बारीक रेघ निघाली आणि सिमेंटच्या उतारावरून नालीकडे गेली.

चौघं बघत होती. पळालं कुणी नाही, ओरडलं कुणी नाही. लक्ष्मीच्या गळ्यावर लाल ठसा होता आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. माझ्या अंगठ्याकडे बघत होती, कसा बसतो, किती वाकतो. नंबर एकने आपला अंगठा हळूच स्वतःच्या मानेला लावला आणि जागा शोधली.

सांडूचे डोळे उघडले. कुठे आहोत हे कळायला त्याला वेळ लागला. मग तो हसला, दोन वर्षांपूर्वीचं तेच हसू. "झालं, सर?" कानामागे हात लावून त्याने रक्त बघितलं, कोटाला पुसलं. "पाह्यलं का रे पोरांनो? हे सर. ह्यांनीच शिकवलं मला."

मी वहीची चार पानं फाडली. म्हणालो, आज काय शिकलात ते लिहा, सांडू बाहेर जाईल, मी भिंतीकडे तोंड करतो. भिंतीकडे तोंड करून मी उभा राहिलो. चुन्यावर कुणीतरी मेंढ्यांचे आकडे पेन्सिलीने लिहिले होते. पाठीमागे लक्ष्मीचा घोगरा आवाज आला.

"सर, नंबर कुठं टाकू?"

"नंबर नको टाकू."

"मंग माझा कोन्ता ते तुमाला कळंल कसं?"

चिकलठाण्यापाशी मी गाडी कडेला घेतली आणि पानं उघडली. तीन कोरी होती. चौथ्यावर ठसठशीत अक्षरात: 'शीर कुठे असते ते समजले. उद्यापासून चूक होणार नाही.' कोपऱ्यात तीन. मागून येणारा प्रत्येक ट्रक गाडीला हलवून जात होता. यादीत बाराव्या मुद्द्यापुढे खूण करायची राहिली होती. ती केली. त्याखाली रेघ ओढून तेरावा मुद्दा मी माझ्या हाताने लिहिला. कोरं पान समोर असताना सोमवारचा विचार आला नाही असं नाही. आला. तो बाजूला झाला नाही, तिथेच बसून राहिला, आणि मी लिहीत राहिलो.

सकाळी हॉलमध्ये पंखे फिरत होते. कापूसवाल्यांनी त्यांची यादी वाचली, टाळ्या पडल्या. नानासाहेबांचा माणूस सापडलाच नव्हता, तो नोकरी सोडून रसवंती चालवत होता. "म्हणजे मासे सुटले की हो," कुणीतरी म्हणालं, आणि नानासाहेब स्वतःच आधी हसले.

"आणि आपला सतरा नंबर?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. हॉल आधीच हसण्याच्या तयारीत होता. "सापडला?"

"सापडला."

"शिकलेलं टिकलंय?"

"टिकलंय."

"किती?"

मी उठलो. यादी आणि त्या मुलीचं पान त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी बारा खुणांवरून बोट खाली आणलं आणि तेराव्यापाशी थांबवलं. तिथे लिहिलं होतं: चुकलेल्याचा गळा धरतो, अकरा मोजतो. पुढे खूण. त्यापुढे: कुणाकडून शिकला. त्यापुढे माझं पूर्ण नाव, सूर्यभान त्रिंबक, आणि कालची तारीख, आणि कालची वेळ, कारण काल मी ते पुन्हा शिकवलं होतं.

"सगळं," मी म्हणालो. "सगळं टिकलंय, मॅडम. अहवालात घ्या."

कुणी हसलं नाही. मॅडमनी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. मी उजवा हात पाठीमागे नेला होता. डाव्याने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. घट्ट.